चालकाची झोप आणि देशोदेशीचे कायदे

आपण किती वाजता निजावे आणि किती वाजता उठावे, हे आपल्याला घरातील वडीलधारे सांगतात, डॉक्टर सांगतात, क्वचित या पाक्षिकाचे लेखकही सांगतात. शासन मात्र त्यात लक्ष घालत नाही. मालमोटारीच्या चालकाची गोष्ट निराळी आहे. त्याने सलग किती तास गाडी चालवावी, मध्ये किती मिनिटे थांबावे, एका दिवसाचे काम संपल्यावर दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत किती तास विसावा घ्यावा, इतकेच नव्हे तर तो विसावा कोठे घ्यावा, हेही अनेक देशांत कायद्याने ठरवलेले असते. एका परीने त्याच्या झोपेची मात्राच राजपत्रात छापलेली असते. माणसाचे शरीर सर्वत्र सारखेच. ही मात्रा मात्र देशोदेशी वेगळी आहे.

मालवाहतुकीचे नियम आणि आरोग्य यांचा संबंध काय, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. ज्यांच्या घरातील कर्ता पुरुष ट्रकवर आहे, त्यांना तो सांगावा लागणार नाही. ज्यांच्या घरात कोणी चालक नाही, तेही सुट्टीत रात्रीच्या गाडीने गावी जातात, आणि समोरून येणाऱ्या ट्रकमधील माणूस जागा आहे असे गृहीत धरूनच निश्चिंत झोपतात.

प्रथम शरीराचे बोलू. जागेपणी आपल्या मेंदूवर झोपेचा दाब हळूहळू वाढत जातो, आणि त्याच्या जोडीला शरीरातील घड्याळ दिवसातून दोनदा आपल्याला खाली ओढते: पहाटे साधारण दोन ते सहाच्या दरम्यान जोराने, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास जरा सौम्यपणे. सराईत चालकालाही हे चुकत नाही. ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखे मंदावते, आणि चोवीस तासांनंतर ते ०.१० टक्क्यांसारखे होते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वाहन चालवताना रक्तातील मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे पहाटे पाचला उठून रात्री दहालाही गाडी हाकणारा निर्व्यसनी चालक, त्या तुलनेने पाहिले तर, मर्यादा ओलांडून बसलेला असतो. नाक्यावर त्याच्या तोंडाला यंत्र लावले तर ते काहीच दाखवणार नाही.

चालकांच्या भाषेत ज्याला झापड म्हणतात, ती दोन-चार सेकंदांची असते. डोळे कधी कधी उघडेही असतात. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक चार सेकंदांत सुमारे नव्वद मीटर पुढे जातो.

आता कायद्यांकडे वळू. युरोपीय संघाचा २००६ चा ५६१ क्रमांकाचा नियम या विषयातील सर्वांत काटेकोर नियमांपैकी एक मानावा लागेल. साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटे थांबणे सक्तीचे. दिवसाला नऊ तासच चालवायचे. आठवड्यातून फक्त दोनदा दहा तासांची मुभा. एका आठवड्यात छप्पन्न तासांहून अधिक नाही आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून नव्वद तासांहून अधिक नाही. रोज सलग अकरा तास विसावा. तो दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या दरम्यान तीन वेळा नऊ तासांपर्यंत कमी करता येतो. आणि साप्ताहिक सुट्टी पंचेचाळीस तासांची. काही आठवड्यांत ती कमी करता येते, पण कमी केलेले तास पुढे भरून द्यावे लागतात.

हे आकडे पाठ करण्याची आपल्याला गरज नाही. मला यातील दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली अशी की, पंचेचाळीस तासांची ती सुट्टी चालकाने गाडीच्या केबिनमध्ये काढायची नाही. युरोपीय न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात तसा निर्णय दिला आणि २०२० च्या सुधारणेत तो नियमात स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. चालकाला अंघोळीची, निजण्याची नीट सोय असलेली जागा मिळाली पाहिजे आणि तिचा खर्च मालकाने सोसला पाहिजे. त्याच सुधारणेने त्याला ठरावीक आठवड्यांनी घरी परतता येईल अशी कामाची आखणी करण्याची जबाबदारीही मालकावर टाकली. दुसरी गोष्ट पैशाची. किती किलोमीटर कापले किंवा किती लवकर माल पोहोचवला यावर मजुरी अशा रीतीने बांधायची नाही की, त्यामुळे रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येईल किंवा नियम मोडण्यास उत्तेजन मिळेल. झोपेचा नियम करणाऱ्यांनी मजुरीच्या पद्धतीतही हात घातला, हे मला दूरदृष्टीचे वाटते. कारण झोप मोडणारी पहिली गोष्ट बहुधा पैशाची ओढ हीच असते.

या नियमांची राखण करते टॅकोग्राफ नावाचे यंत्र. गाडी केव्हा चालली, केव्हा थांबली, वेग किती होता, याची नोंद ते आपोआप करते. पूर्वी त्यात कागदाची गोल चकती असे, आता चालकाच्या नावाचे कार्ड असते. १९७० साली ते सक्तीचे करण्याचा नियम झाला, तेव्हा ब्रिटनमधील चालकांच्या संघटनांनी त्याला केबिनमधला हेर म्हणून कडाडून विरोध केला होता. तो विरोध समजण्यासारखा आहे. आपल्या पाठीशी सतत कोणी वही घेऊन उभे राहिलेले कोणाला आवडेल? पण त्या हेराचा एक उपयोग नंतर ध्यानात आला. ‘अजून दोन तास मार, माल सकाळी पाहिजे’ असे मालकाने सांगितल्यावर नाही म्हणण्यासाठी चालकाच्या हाती पुरावा आला.

महाराष्ट्रातील घरांशी याचा आता प्रत्यक्ष संबंध येऊ लागला आहे. २०२४ साली राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला. त्यातील व्यवसायांत वाहनचालकही आहेत. आपला मुलगा किंवा भाऊ अशा कामावर जाणार असेल, तर पगाराचा आकडा विचारून झाल्यावर आठवडी सुट्टी कोठे काढायची आणि गाडी भरताना वाट पाहण्यात गेलेला वेळ कामात धरतात की नाही, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

अमेरिकेतील मोजमाप निराळे आहे. तेथे सलग दहा तास विसावा घेतल्यावर अकरा तास गाडी चालवता येते, आणि काम सुरू केल्यापासून चौदा तासांच्या आत ते चालवणे संपले पाहिजे. आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती. आठवड्याची मर्यादा मात्र सैल आहे: कंपनीच्या पद्धतीनुसार सात दिवसांत साठ किंवा आठ दिवसांत सत्तर तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून केलेल्या अभ्यासात आठवड्याला पंचावन्न किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांत, पस्तीस ते चाळीस तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे पस्तीस टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे सतरा टक्क्यांनी अधिक आढळला होता. अमेरिकी चालक नियम पाळूनही त्या गटात जाऊन बसतो. त्यात तेथे लांब पल्ल्याच्या चालकांना सर्रास मैलावर पैसे मिळतात, आणि १९३८ च्या कायद्यातील सवलतीमुळे जादा कामाचा वाढीव दर बहुतेकांना लागू होत नाही. गोदामाच्या दारात चार तास उभे राहावे लागले तर ते तास बहुधा फुकट जातात, आणि चौदा तासांचे घड्याळ तिकडे चालूच राहते. डिसेंबर २०१७ पासून नोंदींसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचे झाल्यामुळे त्या घड्याळाशी तडजोडही करता येत नाही. मग दारातून सुटका होताच वेग वाढवण्याचा मोह होतो.

नियम तास मोजतो, झोप मोजत नाही, याचे एक विदारक उदाहरण तेथेच घडले. जून २०१४ मध्ये न्यू जर्सी राज्यात एका ट्रकने पुढील गाड्यांच्या रांगेला मागून धडक दिली. त्यात ट्रेसी मॉर्गन हे प्रसिद्ध विनोदी अभिनेते गंभीर जखमी झाले आणि त्यांच्या सोबतच्या एका कलावंताचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, तेव्हा चालक सुमारे अठ्ठावीस तास जागा असल्याचे निष्पन्न झाले. कामाच्या घड्याळाप्रमाणे तो चौदा तासांच्या आतच होता! कामावर येण्यापूर्वी तो रात्रभर स्वतःच्या गाडीने जॉर्जिया राज्यातील घरापासून डेलावेअरमधील कामाच्या ठिकाणापर्यंत आला होता, आणि ते तास कोणत्याही वहीत लिहिले जात नव्हते.

कॅनडाच्या दक्षिण भागात दिवसाला तेरा तास गाडी चालवता येते, अतिउत्तरेत पंधरा. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत एकट्या चालकाला चोवीस तासांत बारा तास काम आणि सलग सात तास विसावा असा साधारण नियम आहे. ज्या देशातून सतरा तासांच्या जागरणाचे ते संशोधन आले, त्याच देशाने सलग विसावा सात तासांवर आणून ठेवावा, याची गंमत वाटते. मोकळ्या पठारावरील प्रचंड अंतरे पाहिली की कारण कळते, पण त्या सात तासांतून जेवण, अंघोळ आणि घरी केलेला फोन वजा केला तर डोळा किती लागत असेल, याचा हिशेब आपणच करावा.

जपानचे उदाहरण अधिक बोलके आहे. अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला तेथे ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि कामामुळे जडलेल्या मेंदू व हृदयाच्या विकारांसाठी भरपाई मंजूर होणाऱ्यांत वाहतूक व्यवसायातील माणसे सातत्याने पुढे असतात. एप्रिल २०२४ पासून तेथे ट्रकचालकांच्या जादा कामाला वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. म्हणजे महिन्याला ऐंशी तास. आणि महिन्याला सरासरी ऐंशी तास जादा काम हीच तर तेथे कारोशीच्या धोक्याची रेषा मानली जाते! मर्यादा घातली ती धोक्याच्या रेषेवरच. तरीही तेवढ्यानेच माल वेळेवर पोहोचणार नाही, अशी देशभर चर्चा उठली. त्या चर्चेतून एक चांगली गोष्ट निघाली. घरी माणूस नसल्यामुळे पार्सल परत नेऊन पुन्हा आणावे लागते ते कमी करा, दाराशी ठेवण्यास परवानगी द्या, थोडा उशीर चालत असेल तर तसे सांगा, असे आवाहन तेथील सरकारने थेट ग्राहकांना केले. चालकाच्या विश्रांतीचा धागा असा गृहिणीच्या दारापर्यंत नेऊन जोडलेला मी दुसरीकडे क्वचितच पाहिला.

आपल्या देशाकडे आल्यावर आश्चर्य वाटते ते नियम कडक असल्याचे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने ती दहा आणि चोपन्न तासांपर्यंत जाऊ शके, त्यापुढे नाही. पाच तासांनंतर अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही याच मर्यादांचा आधार घेतला, आणि पुढे हा विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आला. यातील तास गाडी चालवण्याचे नव्हेत, सगळ्या कामाचे आहेत. कागदावर पाहिले तर आपला चालक अमेरिकी चालकापेक्षा सुखी असावा.

पण १९६१ चा तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता, आणि आपल्याकडील बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे असतात. कित्येक ठिकाणी तर मालकच चालक असतो. टॅकोग्राफसारखी नोंद नाही. मजुरी फेरीवर, आणि उशीर झाला की भाड्यात कपात. सेव्ह लाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीत जवळपास निम्म्या चालकांनी थकवा वा झोप आली असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले होते. ज्यांनी सांगितले नाही त्यांचा विचार निराळाच. चालकांना विमानाच्या वैमानिकांप्रमाणे कामाचे तास ठरवून द्यावेत, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनीही २०२१ मध्ये म्हटले होते.

एक नियम मात्र आपल्याकडे नेमाने पाळला जातो, आणि तोच झोपेच्या मुळावर येतो. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. वाहतूककोंडी टाळण्यासाठी ती आवश्यकही असेल. परंतु तिचा परिणाम असा की, चालक दुपारच्या उन्हात शहराबाहेर गाडी लावून तापलेल्या केबिनमध्ये कूस बदलत पडतो आणि रात्र झाली की निघतो. वाशीच्या बाजारात सकाळी भाजी मांडलेली दिसण्यासाठी नाशिक-पुण्याकडचा ट्रक रात्रीतूनच घाट उतरतो, म्हणजे नेमका त्या वेळी, जेव्हा शरीराचे घड्याळ सर्वांत खाली असते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरील ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले, हे पाऊल म्हणूनच मला चैनीचे वाटत नाही. दुपारच्या झोपेचे ते औषध आहे. जुन्या गाड्या मात्र अजून कितीतरी वर्षे रस्त्यावर राहतील.

आणखी एक फरक वैद्यकीय तपासणीचा. झोपेत घशाचा मार्ग पुन्हा पुन्हा मिटून श्वास अडतो, त्या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणूस आठ तास पडून राहतो, पण मेंदूला विश्रांती मिळत नाही. दिवसा बसल्या जागी डोळा लागतो. लठ्ठपणा, जाड मान, तासन्‌तास बैठे काम हे सारे चालकांत अधिक, म्हणून हा विकारही अधिक. युरोपीय संघाने २०१४ मध्ये वाहन परवान्याच्या वैद्यकीय अटींत त्याचा समावेश केला. मध्यम वा तीव्र विकार असून दिवसा झोप येत असेल, तर उपचाराने तो आटोक्यात असल्याचे दाखवल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. अमेरिकेत चालकाला निदान दोन वर्षांतून एकदा तपासणी करून घ्यावी लागते, आणि रक्तदाब वाढलेला असला तर त्याहून लवकर. पण या विकाराच्या सक्तीच्या तपासणीचा तेथील प्रस्ताव २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी जो वैद्यकीय दाखला लागतो, त्याचा भर दृष्टी, रंगज्ञान, श्रवण आणि अपस्मार यांवर आहे.

म्हणून ही तपासणी आपल्याकडे घरातच सुरू व्हायला हवी. चालक रात्री घोरतो हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. त्याच्या पत्नीला, आईला ठाऊक असते. ‘दमून आलाय, गाढ झोपलाय’ असे समजून आपण त्या घोरण्याकडे कौतुकाने पाहतो. घोरणे मध्येच थांबत असेल, काही सेकंद शांतता आणि मग धापेसारखा श्वास, सकाळी डोके जड, तोंड कोरडे, जेवताना पेंग अशी लक्षणे असतील, तर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हे नेमक्या शब्दांत सांगावे. मोबाइलवर त्या श्वासाचा आवाज ध्वनिमुद्रित करून नेला तरी डॉक्टरांचे काम सोपे होते. वजन उतरवणे आणि झोपताना हवेचा दाब देणारे यंत्र लावणे यांनी पुष्कळांना चांगला गुण येतो, आणि त्यापायी नोकरी जाईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते.

रस्त्यावरची झोप घालवण्याचे जे उपाय चालक एकमेकांना सांगतात, त्यांतील बरेचसे व्यर्थ आहेत. खिडकीतून येणारे थंड वारे आणि मोठ्याने लावलेली गाणी यांचा परिणाम फार थोडा टिकतो, असे इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या प्रयोगांत दिसले. तंबाखू आणि गुटख्याचे तोटे आपल्याला ठाऊक आहेतच. त्याच प्रयोगांत गुण आढळला तो कॉफी पिऊन लगेच पंधरा मिनिटे डोळे मिटण्याचा. कॉफीचा अंमल चढायला साधारण वीस मिनिटे लागतात, तोवर डुलकी होऊन जाते. कडक चहानेही थोडेफार साधते. गाडी रस्त्याच्या कडेला नव्हे, ढाब्यावर किंवा पेट्रोलपंपावर लावावी, पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावावा आणि उठल्यावर पाचेक मिनिटे खाली उतरून चालावे. ही तात्पुरती सोय आहे; रात्रीच्या झोपेची भरपाई तिने होत नाही.

घरच्यांच्या हाती याहून थोडे अधिक असते. चार दिवसांनी आलेल्या माणसासाठी पाहुणे, बँकेची कामे, मुलांच्या तक्रारी सगळे एकाच दिवशी तयार असते, आणि संध्याकाळी पुन्हा गाडी भरायची असते. न्यू जर्सीतील तो चालकही घरूनच कामावर निघाला होता. पहिले सात-आठ तास त्याला अंधाऱ्या, शांत खोलीत निजू द्यावे, बाकीचे नंतर. तो रस्त्यावर असताना झोपेच्या वेळी फोन करू नये, आणि ती वेळ कोणती हे त्यालाच विचारून ठेवावे, कारण ती रोज बदलते.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या चालकाने खिशात एक छोटी वही ठेवावी. त्यात किलोमीटर नव्हे, केव्हा झोपलो आणि केव्हा उठलो एवढेच लिहावे. दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की औषधांच्या चिठ्ठीबरोबर ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. ‘रात्री जेवणानंतर एक’ असे लिहिलेली गोळी हा माणूस नेमकी केव्हा घेतो, आणि इन्सुलिन टोचल्यावर पुढचे जेवण किती तासांनी होते, हे त्यांना त्यावरून कळेल आणि वेळा बदलून देता येतील.